भुवयांचा रंग आणि वुजूचे पाणी

गेल्या वर्षी शाबान महिन्यात माझी मोठी बहीण लेकीला घेऊन अचानक घरी आली. भाचीने ओढणी कपाळावरून थेट पापण्यांपर्यंत ओढली होती. बसायच्या आधीच म्हणाली, "खाला, आधी दार लावा." मग तिने ओढणी मागे सरकवली. तिच्या भुवया विटेसारख्या तांबूस झाल्या होत्या आणि डाव्या भुवईच्या टोकाला राखाडी-निळसर डाग उतरला होता.

दोन वर्षांपूर्वी शहरात शिकत असताना तिने एका पार्लरमध्ये मायक्रोब्लेडिंग करून घेतले होते. तिच्या भुवया मुळात विरळ. घरातल्या बायकांनी, त्यात मीही आले, लहानपणापासून त्यावरून तिची थट्टा केलेली. "दोन वर्षांत रंग आपोआप निघून जाईल," असे तिला सांगितले गेले होते. रंग गेला नाही, बदलला.

आपाचे म्हणणे सरळ होते. "शव्वालमध्ये निकाह आहे. पार्लरवाली म्हणते, वरून गडद रंग भरून देते, कुणाला कळणारही नाही. तू शिकलेली आहेस, तूच सांग, देऊ का करून?"

मी भाचीकडे पाहिले. ती खाली बघत म्हणाली, "खाला, दीड महिना झाला, मी नमाज पढलेली नाही." एका लग्नघरी नात्यातल्या एका बाईंनी चारचौघींत तिला सुनावले होते, की तुझ्या भुवयांत रंग आहे, तुझा वुजूच होत नाही, तुझ्या सगळ्या नमाजा वाया. मुलीने ते खरे मानले आणि जानमाज गुंडाळून ठेवली. रमजान तोंडावर आला होता.

भगिनींनो, हा प्रश्न एका भाचीचा नाही. माझ्या शाळेत येणाऱ्या तरुण मातांमध्येही अशा तांबूस, निळसर भुवया मी आता ओळखू लागले आहे. म्हणून जे आम्ही त्या दोन महिन्यांत शिकलो, ते इथे लिहिते.

आधी नमाजविषयी. वुजूमध्ये चेहऱ्याच्या त्वचेला पाणी लागले पाहिजे. मायक्रोब्लेडिंगचा रंग त्वचेच्या आत असतो, वर त्याचा थर नसतो. पाणी त्वचेला लागते, म्हणून वुजू होतो आणि गुसलही होते. आमच्या मोहल्ल्यातल्या आलिम साहेबांनी हेच सांगितले. गंमत म्हणजे, तो तांबूसपणा झाकण्यासाठी भाची रोज जे वॉटरप्रूफ जेल लावत होती, त्याचा मात्र थर बसतो. ते वुजूआधी काढायला हवे. साधी पावडर पाण्याने निघून जाते, तिची अडचण नाही.

याचा अर्थ हे काम करून घ्यायला हरकत नाही, असा नव्हे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. सौंदर्यासाठी गोंदवणाऱ्या, गोंदून घेणाऱ्या आणि भुवया कोरणाऱ्या स्त्रियांबद्दल तिच्यात कडक शब्द आहेत. सुईने त्वचेत रंग भरणे हे गोंदणच, असे बहुतेक उलमा मानतात. पण चूक झाली असेल तर त्यावर तौबा आहे. तौबाचे दार उघडे असताना एखाद्या मुलीला नमाजपासून तोडण्याचा अधिकार कुणाला? आलिम साहेबांनी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. मनापासून तौबा कर आणि आजपासून नमाज सुरू कर. काढून टाकताना इजा होण्याची भीती असेल, तर स्वतःला इजा करून घेणे तुझ्यावर बंधनकारक नाही.

आता रंग का बदलतो ते पाहू. जुन्या आज्यांच्या कपाळावरचे गोंदण आठवा. भरताना ते काळे असते आणि पुढे हिरवट-निळसर दिसते. काळा रंग त्वचेत खोल असला की वरच्या त्वचेतून तो निळसर दिसतो. भाचीच्या डाव्या भुवईच्या टोकाला सुई जास्त खोल गेली होती, तिथे हेच झाले. तांबूसपणाचे कारण वेगळे. भुवयांच्या तपकिरी रंगात बहुधा लाल, पिवळा आणि काळा असे लोहाचे रंग मिसळलेले असतात. ते सगळे सारख्या वेगाने फिके होत नाहीत. काळा, पिवळा आधी फिका पडला की लाल तेवढा उरतो. ऊन आणि तेलकट त्वचा यांमुळे हा फरक वाढतो.

म्हणजे पार्लरवाली जे सुचवत होती, त्याने खालचा रंग जाणार नव्हता. त्यावर आणखी एक थर चढला असता आणि तोही पुढे बदललाच असता. या क्षेत्रातली अनुभवी माणसे लाल छटेवर हिरवट-पिवळी आणि निळसर छटेवर नारिंगी छटा भरून रंग सौम्य करतात, हे खरे. पण त्वचेत आधीच रंग ठासून भरलेला असेल तर ते टिकत नाही. आणि ते पुन्हा गोंदणेच झाले. त्वचेच्या रंगाची शाई भरून भुवई झाकणे तर सगळ्यात वाईट. तिच्यात टायटॅनियमचा पांढरा रंग असतो, आणि पुढे लेसर करायची वेळ आली तर तो काळपट होऊ शकतो.

मी आपाला म्हटले, "पार्लर नको, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ." जिल्ह्याच्या ठिकाणी एमडी झालेल्या बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "भुवया आधीपासूनच विरळ होत्या? बाहेरच्या बाजूला जास्त?" मग थायरॉईडची रक्ततपासणी लिहून दिली. थायरॉईड कमी असेल तर भुवयांचे बाहेरचे टोक विरळ होते, हे मला तोवर माहीत नव्हते. तपासणीत थायरॉईड कमीच निघाले. ज्या गोष्टीवरून आम्ही तिची थट्टा करत होतो, त्यामागे आजार असू शकतो हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आले नव्हते. ती लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

रंग काढण्यासाठी डॉक्टरांनी लेसरचा मार्ग सांगितला, पण सोबत तीन सूचनाही दिल्या. लोहाचा किंवा टायटॅनियमचा रंग लेसरने एकदम काळा पडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात अगदी लहान जागी करून पाहायचे आणि काही आठवडे थांबायचे. आपल्या सावळ्या त्वचेसाठी यंत्र आणि त्याची ताकद जपून निवडावी लागते, नाहीतर डाग पडतो किंवा त्वचा पांढरी होते. भुवई डोळ्याला लागून असल्यामुळे डोळ्यांवर योग्य झाकण असल्याशिवाय लेसर करायचाच नाही. एका वेळेत काम होत नाही. दोन वेळांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जावे लागतात. काही ठिकाणी मिठाचे खास द्रावण सुईने आत घालून रंग वर आणतात. त्यालाही अनेक वेळा जावे लागते, आणि जखम चिघळली तर व्रण राहतो.

त्या असेही म्हणाल्या, की घरी मीठ चोळून, लिंबू, टूथपेस्ट किंवा मागवलेले आम्लाचे क्रीम लावून आलेल्या मुलींच्या जखमा बऱ्या करण्यातच त्यांचा बराच वेळ जातो. अंगावर जखमेचे व्रण फुगत असतील, गरोदरपण असेल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. आणि लेसरनंतर जखमेला पाणी लावू नका असे सांगितले, तर वुजूत त्या जागी मसह करण्याची सवलत शरीअतमध्ये आहे. पद्धत आपल्या आलिमांना विचारून घ्यावी.

"निकाहआधी काही करू नका," हा त्यांचा शेवटचा सल्ला. आपाचा चेहरा उतरला. घरी येताना बसमध्ये ती गप्प होती. मग म्हणाली, "सासरचे काय म्हणतील?" भाचीनेच उत्तर दिले, "अम्मी, त्यांना आधीच सांगू या." आपाने मुलाच्या आईला फोन करून सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "औषध चालू झालं ना? मग झालं."

निकाहाच्या दिवशी भाचीने भुवयांवर नुसती तपकिरी पावडर फिरवली होती. जवळून पाहिले तर तांबूस छटा दिसत होती. शव्वालनंतर लहान जागेवरची चाचणी ठीक निघाली, आणि आतापर्यंत तीन वेळा लेसर झाला आहे. तांबूसपणा बराच कमी झालाय. निळसर डाग हट्टी आहे, अजून दिसतो. थायरॉईडच्या गोळीने टोकाकडे बारीक केस येऊ लागलेत.

पण मला आठवते ती त्या शाबानमधली संध्याकाळ. आलिम साहेबांकडून आल्यावर भाचीने मोरीत उभे राहून वुजू केला. चेहऱ्यावर पाणी घेताना ती भुवयांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. मगरिब पढून झाल्यावर म्हणाली, "खाला, दीड महिन्याच्या कजा नमाजांचा हिशेब मांडून द्याल?" आम्ही वहीत रकाने आखले. रोजच्या प्रत्येक नमाजसोबत एक कजा, अशी रमजान उलटल्यावर काही दिवसांत वही भरली.

आपल्या घरातल्या मुलीने असे काही करून घेतले असेल, तर तिला आधी जवळ बसवा. वुजूचा गैरसमज दूर करा, डॉक्टरांकडे न्या आणि नवा रंग भरू देऊ नका. आणि नात्यातल्या कुणी चारचौघींत तिला सुनावायला लागले, तर तिथेच थांबवा. अल्लाह आपल्या मुलींचे ईमान आणि आरोग्य दोन्ही सलामत राखो. आमीन.