धुराची घंटा कोणी लावायची?

गोरेगाव पश्चिमेतील जय भवानी या पुनर्वसन इमारतीत 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे आग लागली. माणसे झोपेत, धूर जिन्याने वर. किमान सात जीव गेले. झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, पण झोपलेल्याला उठवणारी घंटा कोणी द्यायची? महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा विकासक, मालक, भोगवटादार अशी नावे घेतो. विकासकाचे नाव पहिले आहे, हे आमच्या बांधवांनी नीट वाचावे. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. सोसायटीच्या सभेत तो मागा. विकासक चावी देऊन पसार झाला, तरी प्रश्न मिटत नाही.

घरात घंटा बसवलीच, तर फोडणीच्या धुराने वाजते म्हणून सेल काढू नका. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा. वाजली की सामान न शोधता खाली उतरा, 101 ला कळवा. जिना धुराने भरला असेल, तर परत फिरा, दार लावून फटीत ओले कापड कोंबा.

बंद खोलीतली कोळशाची शेगडी, न्हाणीघरातला गॅस गिझर यांचा कार्बन मोनॉक्साइड मात्र दिसत नाही, वासही येत नाही. धुराची घंटा त्याला ओळखत नाही. त्याचे यंत्र वेगळे घ्यावे लागते.