सैल कातडी आणि 'बिनटाक्याची' जादू

परवा शनिवारी सकाळी मी एका क्लिनिकमध्ये जाऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं पोट चिमटीत धरून अनोळखी माणसाला दाखवलं. (इंटरव्ह्यूपेक्षा अवघड प्रकार आहे बरं का हा!)

झालं असं, की दीड वर्षात मी ११८ किलोवरून ८२ वर आलो. ऑफिसात "अरे, अर्धा राहिलास की!" हे रोज ऐकतो, छान वाटतं. पण शर्टाखाली काय राहिलंय ते कोण बघतंय? बेंबीखाली रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारी कातडी. पावसाळ्यात त्या घडीत घाम साचून पुरळ येतं, धावताना ती वेगळ्याच तालात हलते. वजन गेलं तरी पोहायच्या तलावावर जायची लाज काही गेली नाही.

तर क्लिनिक. तिथे डॉक्टर नव्हे, पांढरा कोट घातलेल्या काउन्सेलर मॅडम भेटल्या. आर.एफ. स्किन टायटनिंग, बिनटाक्याचं, दोन दिवसांत ऑफिस, ई.एम.आय.ची सोय. मी विचारलं, "माझ्यासारख्या पोटाचे फोटो आहेत का?" लॅपटॉपवर एकामागून एक हनुवट्या आल्या. मग बारीक मुलींचे दंड. ३०-३५ किलो उतरवलेला एकही माणूस नाही. पुन्हा विचारलं तर "सर, प्रत्येकाची स्किन वेगळी असते." अहो मग पैसे सगळ्यांना सारखे कसे?

घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. मशीन थोतांड नाही, हे आधीच सांगतो. कातडीखाली बारीक नळी घालतात, रेडिओ लहरींनी आतून उष्णता देतात. साधारण ६०-६५ अंशांना कोलॅजनचे धागे आकसतात. मग शरीर ती जखम समजून नवं कोलॅजन बनवायला लागतं, म्हणून खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांत दिसतो. वरची कातडी मात्र चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपासच ठेवावी लागते, नाहीतर भाजते. कमी तापवलं तर उपयोग नाही, जास्त तापवलं तर डाग. एवढ्याशा फटीत सगळा कारभार!

मी शिकलो मेकॅनिकल (पोट भरतो जावावर, असो). त्यामुळे पहिल्यांदा वाटलं, हा सरळ यील्ड पॉइंटचा मामला, स्प्रिंग जास्त ताणली की परत येत नाही. थोडं खरं आहे. कातडीला परत खेचणारं इलॅस्टिन बहुतेक लहानपणीच तयार होतं, मोठेपणी तुटलं की धड भरून येत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. प्लॅस्टिक सर्जन भाजलेल्या जागेसाठी जास्तीची कातडी हवी असेल तर शेजारी कातडीखाली फुगा बसवतात आणि काही आठवडे त्यात थोडं थोडं सलाइन भरत जातात. कातडी नुसती ताणत नाही, चक्क वाढते. माझ्या पोटाने तोच प्रयोग दहा वर्षं वडापाववर केला. म्हणजे हे ताणलेलं इलॅस्टिक नाहीच, जास्तीचं कापड आहे. आणि कापड जास्त झालं तर इस्त्रीने भागत नाही, शिंप्याकडेच जावं लागतं.

माझा राग आहे तो इस्त्रीला शिवणकाम म्हणून विकण्यावर. ज्याची कातडी थोडीशीच सैल आहे, वय कमी, सिगरेट नाही, त्याला हनुवटीखाली किंवा दंडाला याचा फायदा होतो. तेवढंच सांगा ना! अमेरिकेतही हे झालंय. हेलियम प्लाझ्माचं एक उपकरण शस्त्रक्रियेत आतल्या पेशी कापायला मंजूर होतं, ते लायपोसक्शननंतर कातडी आवळायला वापरलं जाऊ लागलं. शेवटी मार्च २०२२ मध्ये एफ.डी.ए.ला तसं वापरू नका म्हणून जाहीर सांगावं लागलं. त्याच वर्षी पुढे ठरावीक वापरांना परवानगी मिळाली, हनुवटीखालच्या सैल कातडीलासुद्धा. पोट तेव्हाही त्यात नव्हतं.

नंतर एका प्लॅस्टिक सर्जन बाईंकडे गेलो. त्यांनी घडी दोन बोटांत उचलली आणि दहा सेकंदांत म्हणाल्या, "हे मशीनचं काम नाही. पैसे वाचव." मग टमी टकचं सांगितलं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाक्यांची रेघ, ती आयुष्यभर राहणार, काही दिवस ड्रेनची नळी, कित्येक आठवडे जड उचलायचं नाही. आणि त्याआधी वजन निदान सहा महिने एका जागी टिकलं पाहिजे. ऐकायला भयंकर, पण पहिल्यांदाच कुणीतरी तोटे आधी सांगितले. पाय जमिनीवर आले.

आईला सांगितलं तर म्हणाली, "धडधाकट पोटावर सुरी कशाला फिरवून घेतोस? शर्ट घालतोस ना वर?" तिचंही चूक नाही. पण पुरळ तिला येत नाही.

काल काउन्सेलर मॅडमचा फोन आला, रविवारपर्यंत डिस्काउंट आहे म्हणाल्या. मी नको म्हटलं. ८२ किलोवर मला चार महिने झालेत, अजून दोन काढायचेत. तोवर घडीत पावडर, आणि तलावावर एकदा टी-शर्ट घालून उतरू देतात का ते विचारून येणार आहे.