कोकणात उतरा ते कोकणी माणसाच्या घरी

राजारामपुरीतून पहाटे निघालेली गाडी गगनबावड्याचा घाट उतरते आणि दुपारच्या जेवणाआधी मालवण गाठते. कोल्हापूरकरांना समुद्र म्हटला की आठवतो तो हाच. तिथे मुक्काम कुठे करायचा, हे मात्र आपण खोलीचे भाडे आणि एसी बघून ठरवतो. खरे तर त्या निवडीवर किनाऱ्यावरच्या गावांचे बरेच काही अवलंबून असते. मालक त्याच आवारात राहतो अशा साध्या, स्वस्त घरगुती निवासाला आपण पहिली पसंती द्यावी आणि सरकारनेही त्यालाच बळ द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्या सुमारास दोन वाटा दिसल्या. शिरोडा-वेळागरला मोठ्या हॉटेलसाठी १९९०च्या दशकात जमीन संपादित झाली. पुढची अनेक वर्षे तिथे हॉटेल नव्हते, होता तो फक्त वाद. त्याच काळात तारकर्ली, देवबाग, वायरी या गावांत मच्छीमार आणि बागायतदार कुटुंबांनी घरालगत दोन-चार खोल्या काढल्या. एमटीडीसीच्या न्याहारी-निवास योजनेने अशा घरांना सरकारी ओळख दिली. या खोलीचे भाडे गावातच फिरते. मासळी बंदरावरच्या लिलावातून येते, सोलकढीचा नारळ परसातला असतो, सकाळची घावणे घरातल्याच बाईच्या हातची असतात आणि होडी शेजाऱ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा चूल पेटती राहते ती मे महिन्यात पाहुण्यांकडून आलेल्या पैशावर.

यावर सांगितले जाते की मोठे हॉटेल शेकडो लोकांना कायमची नोकरी देते. नोकरी मिळते हे खरे, पण जमीन आणि नफा गावाबाहेर जातो आणि कालचा जमीनमालक गणवेश घालून दारात उभा राहतो. शिवाय प्रश्न पाण्याचाही आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी विहिरीतले गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या थराचे असते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. त्याच विहिरीचे पाणी पिणारा घरमालक पंप किती वेळ चालवायचा याचा विचार करतो. बाहेरच्या गुंतवणूकदाराला ती काळजी असण्याचे कारण नाही, कारण विहीर मचूळ झाली तर तो टँकर मागवेल आणि तोटा वाढला तर दुसरा किनारा शोधेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरगुती निवासात स्वच्छतेची खात्री नसते, सांडपाणी वाळूतल्या शोषखड्ड्यात सोडले जाते, आणि आता तर बाहेरचे लोक घरे भाड्याने घेऊन ‘होम स्टे’ची पाटी लावतात. हे सगळे खरे आहे. वाळूतून मैलापाणी विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, त्यामुळे आपलेपणाच्या नावाखाली याकडे डोळेझाक करता येणार नाही. पण म्हणून या खोल्या बंद करणे हा उपाय नव्हे. मालक स्वतः तिथे राहतो का आणि बांधीव सेप्टिक टँक आहे का, हे तपासूनच नोंदणी द्यावी. टाकी उपसणारी गाडी ग्रामपंचायतींनी मिळून ठेवावी आणि तिचा खर्च पर्यटन निधीतून व्हावा. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात महिला पर्यटन उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे. तो पैसा खोलीत एसी बसवण्याआधी टाकीवर खर्च झाला पाहिजे.

आपल्या हातातही बरेच आहे. १८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांखालच्या खोलीचीही जीएसटीमधली सूट गेली. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या घरमालकाला नोंदणीची सक्ती नाही; मात्र तीच खोली ऑनलाइन कंपनीमार्फत घेतली की कर लागतो आणि कंपनीचे कमिशनही कापले जाते. तेव्हा थेट घरमालकाला फोन करावा. ठरलेल्या भाड्यावर दारात उभे राहून घासाघीस करू नये, कारण आपण वाचवलेले दोनशे रुपये बहुधा त्या टाकीच्या खर्चातूनच जातात. दारू पिऊन गोंधळ घालणे आणि मोठ्या आवाजात गाणी लावणे हा खोलीच्या भाड्यात विकत घेतलेला हक्क नाही, हेही आपल्या गटाला निघण्यापूर्वीच बजावावे. कोल्हापूरकर दर सुट्टीला किनाऱ्यावर जातात आणि जातच राहतील. तिथल्या घरांत राहणारी माणसे त्या घरांची मालक म्हणूनच टिकावीत, यासाठी थोडे जास्त भाडे आणि थोडी जास्त चौकशी ही आपली जबाबदारी आहे.