राखेची साक्ष

सिगारच्या पारखीवर जे लिखाण अलीकडे प्रसिद्ध होत असते, ते वाचताना आपण तमाखूविषयी वाचत आहो की वाण्याची यादी, असा संभ्रम मला नेहमी पडतो. कारण त्यात कोको असतो, कॉफी असते, देवदार असतो, काळी मिरी असते, जुने चामडे आणि क्वचित ओली मातीही असते. पारखी मंडळींच्या जिव्हेवर अविश्वास दाखवण्याचा माझा हेतू नाही. परंतु जिव्हेची साक्ष ही एकट्याची साक्ष. तिची रुजवात दुसऱ्या कोणास करता येत नाही. म्हणून रात्रीचे जेवण उरकून, दुसऱ्या दिवशीची कोणतीही निकड मनावर नसताना, एखाद्या सिगारचे गुणदोष ठरवावयास बसलो की मी जिव्हेचा जबाब सर्वांत शेवटी घेतो, आणि त्याआधी ओढ, जळण आणि राख या तिघांना पुढे बोलावतो. ज्या हातांनी ती सिगार वळली, त्या हातांविषयी बोलण्याचा खरा अधिकार या तिघांचा.

हवानाची ‘रोबुस्तो’ घ्या. लांबी 124 मिलिमीटर, आणि जाडीचे माप 50, म्हणजे इंचाचे 64 भाग कल्पून त्यांतले 50. क्यूबाच्या पश्चिम टोकाकडील पिनार देल रिओ प्रांतात, वुएल्ता अबाहो या मुलखातल्या तांबूस मातीत तिचे पान वाढते. अंगावरचे शेवटचे, रेशमासारखे पान ज्या झाडांपासून घ्यावयाचे, ती झाडे तलम कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, कारण उघड्या उन्हात पान जाड आणि राठ होते. पोटात भरावयाची पाने मात्र उन्हातलीच. झाडाच्या खालच्या अंगाचे ‘व्होलादो’ चांगले जळते, मधले ‘सेको’ सुवास देते, आणि शेंड्याकडचे ‘लिखेरो’ अंगात जोर असलेले परंतु जळावयास आळशी असते. म्हणून जाणता कारागीर लिखेरो नेमके मध्यभागी घालतो. त्याने ते तसे घातले की नाही, हे राख झाडल्यावर निखाऱ्याकडे पाहून ताडता येते: मधला भाग मागे राहून निखारा बोथट शंकूसारखा पुढे आलेला दिसला, तर समजावे की हात जाणत्याचा आहे.

ओढीची परीक्षा काडी ओढण्यापूर्वीच होते. टोपी कापून कोरडाच एक झुरका घ्यावा. पाने पिळवटून भरली असतील तर गालफडे बसतात आणि धूर येत नाही. सैल भरली असतील तर धूर भसाभसा येतो, सिगार तापते आणि तोंडाला चटका बसतो. राखेच्या शुभ्रपणावर पुष्कळ जण भुलतात. माझ्या मते रंग हे मातीतल्या क्षारांचे देणे, त्याचे श्रेय वळणाऱ्याच्या खाती जमा करू नये. त्याच्या खाती जमा करावयाचा तो राखेचा टिकाव. अखंड पानांची सिगार असेल तर इंचभर राख न ढळता उभी राहते. तुकडे भरलेले असतील तर ती आधीच कपड्यांवर सांडते. शेरलॉक होम्सने 1887 सालच्या आपल्या पहिल्याच प्रकरणात राखेवरून त्रिचनापल्लीची चिरूट ओळखली, तेव्हा या साक्षीदाराचा दर्जा काही नव्याने ठरला असे नाही, पण लौकिक मात्र झाला.

या कारागिरांविषयी मला जो आदर वाटतो, त्यास आणखी एक कारण आहे. 1865 साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात असा प्रघात पडला की हात पाने वळीत असताना एकाने उच्चासनावर बसून वर्तमानपत्रे आणि ग्रंथ मोठ्याने वाचावेत, आणि वाचणाऱ्याचा मोबदला कामगारांनी आपल्या मजुरीतून द्यावा. वर्ष उलटते न उलटते तोच स्पॅनिश सरकारने मनाईचा हुकूम काढला. सरकारला धुराचे भय नसते, वाचलेल्या गोष्टीचे असते. प्रघात मरणारा नव्हता, तो पुन्हा सुरू झाला आणि अद्याप चालू आहे. ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ची गोडी या श्रोत्यांना अशी काही लागली की पुढे एका छापाचे नावच ‘मॉन्टेक्रिस्टो’ पडले.

आपल्याकडच्या हवेत या वस्तूची बडदास्त ठेवणे जिकिरीचे. हवेतली आर्द्रता शेकडा 65 ते 70 असावी लागते. मुंबईच्या आषाढात सिगार फुगते, देशावरच्या वैशाखात तडकते, आणि उष्मा वाढला की तमाखूतला बारीक तपकिरी किडा अंड्यांतून बाहेर पडून टाचणीएवढी भोके पाडीत सुटतो. तरीही दख्खनचा तमाखूशी संबंध जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असदबेग हा शाहजादा दानियालच्या विवाहाच्या कामगिरीवर विजापुरास गेला असता त्याने तेथे तमाखू पाहिली आणि जडावाच्या नळीसह बादशहापुढे नजर केली. अकबराने चार झुरके घेतले. हकीम आडवा आला. अमीर-उमराव मात्र हकिमाचे न ऐकता तमाखूच्या मागे लागले. 1617 साली जहांगिराने बंदीचे फर्मान काढले, त्याचाही अंमल फारसा झाला नाही. हकिमाचे म्हणणे खरे होते. सिगारचा धूर छातीत घ्यावयाचा नसतो, परंतु मुख आणि कंठ यांना त्याची किंमत चुकत नाही. क्वचित ओढणाऱ्याने याच आधारावर ते क्वचितच राहील अशी तजवीज करावी.

जिव्हेचा जबाब मी घेतो तो दोन तृतीयांश सिगार संपल्यावर. आरंभीची गोडी तोवर ओसरलेली असते, मधल्या टप्प्यातला तिखटपणा स्थिरावलेला असतो, आणि शेवटच्या तृतीयांशात धूर जड, कडवट होत जातो. माझे एक स्नेही बोटे भाजेपर्यंत ती सोडीत नाहीत, कारण दिलेली किंमत वसूल झाली पाहिजे असा त्यांचा खाक्या. मी ती रक्षापात्रात नुसती ठेवून देतो; चिरडली तर दर्प दुप्पट होतो, आपल्या आपण विझू दिली तर त्या मानाने सुसह्य. पडद्यांत तो दोन दिवस राहतोच, आणि त्याबद्दल घरातून जो निकाल ऐकावा लागतो त्यावर अपील चालत नाही.