आजीबाईंचा खुबा

पावसाळा लागला की दरवर्षी एक वार्ता आमच्या कानी येतेच: अमक्या घरच्या आजीबाई अंगणात घसरल्या. गेल्या पावसाळ्यात ती आमच्या शेजारच्याच वाड्यातून आली. पहाटे न्हाणीघराकडे जाताना शेवाळावरून पाय निसटला आणि वृद्धा कुशीवर पडली. आम्ही समाचारास गेलो तेव्हा तिचा उजवा पाय डाव्याहून आखूड दिसत होता व पाऊल बाहेरच्या अंगास वळले होते. घरात खल चालला होता. एकाचे मत, हाडवैद्यास आणून चोळून घ्यावे. दुसरा म्हणे, ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला आता कापाकाप कशाला? पडून राहू दे, धर्मगुरूंना बोलावून तैलाभ्यंग करून घेऊ.

धर्मगुरूंना अवश्य बोलवावे. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा रुग्णास बळ देणारा संस्कार आहे, शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी तो घेणे उत्तमच. परंतु संस्कार झाला म्हणजे उपचार टाळण्याची मोकळीक मिळाली, असे समजणाऱ्या मुलांशी आमचे मुळीच जमत नाही.

मांडीच्या हाडाचे गोल डोके खुब्याच्या खोबणीत बसते. त्या डोक्याखाली जी बारीक मान असते, तीच बहुधा मोडते. डोक्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या या मानेवरूनच जातात. मान मोडून जागची सरकली की त्या तुटतात आणि हाड सांधण्याची आशा फार कमी राहते. म्हणून चोळण्याने येथे काही साधत नाही, वेदना मात्र वाढते. रुग्ण खाटेवर पडून राहिला तर पाठीला शय्याव्रण होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्त गोठते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे एकपंचमांश किंवा त्याहूनही अधिक जण वर्षाच्या आत जातात. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नाही त्यांची गत याहून वाईट. मोडलेल्या हाडापेक्षा ही खाटच अधिक घातक ठरते.

यास्तव शक्य तो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे अस्थितज्ज्ञ सांगतात. मोड खाली असेल तर सळई वा पट्टी घालून हाड जोडतात, मान मोडली असेल तर डोके काढून तेथे धातूचे बसवितात. ही युक्ती नवी नव्हे. अमेरिकेतील ऑस्टिन मूर या शल्यविशारदाने १९४० सालीच धातूचा असा भाग प्रथम बसविला होता. पुष्कळदा केवळ कमरेखालचा भाग बधिर करून काम होते, आणि प्रकृती साथ देत असल्यास दुसऱ्याच दिवशी रुग्णास उभे करतात. खर्चाची धास्ती खोटी नाही. तथापि ७० वर्षांवरील वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देण्याची सोय केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू केली. आपल्या राज्यात व आपल्या रुग्णालयात ती कशी लागू आहे, याची चौकशी पडण्याआधीच करून ठेवावी.

आता मुळाकडे वळू. तरुण माणूस घसरला तर बहुधा खरचटते, आजीबाईंचा मात्र खुबा मोडतो. कारण हाड आतून आधीच विरळ झालेले असते. हाडांची भर साधारण तिशीपर्यंत होते. पुढे स्त्रियांचा विटाळ कायमचा थांबला की पाच-दहा वर्षे ती झपाट्याने झिजतात. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. पन्नाशी-साठीत साध्या पडण्याने मनगट मोडले, उंची घटली, पाठीला बाक आला, तर तो इशारा समजून हाडांची घनता मोजून घ्यावी. आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी त्यावर मिळते. ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हावयाचे नसते. तेवढ्या वेळात एक रोझरी निवांत होते!

ताटाकडेही पाहावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात जेमतेम १०. आमच्या आयांनी नाचणीची आंबील पिऊन शेते कसली, आणि आम्ही मात्र तिला गरिबाघरचे अन्न ठरवून पांढऱ्या भाताला लागलो. ताक, तीळ, सुकी मासळी, अंगावर ऊन, आणि रोजचे चालणे हेही हवे.

न्हाणीघरात धरावयास दांडा, रात्री वाटेवर दिवा, शेवाळ घासून काढलेले अंगण, टाच घट्ट धरणारी वहाण: यास फारसा पैसा लागत नाही. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना रात्री एकटे उठू देऊ नये.

शेजारच्या आजीबाईंना अखेर तिसऱ्या दिवशी नेले. दोन दिवस वादातच गेले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि आता त्या चौकटीची काठी धरून रविवारी मिस्सेला येतात. वैद्यांनी उकिडवे बसू नका, गुडघे टेकू नका असे बजावल्यामुळे मागच्या बाजूस त्यांच्यासाठी एक उंच खुर्ची ठेवली आहे. सगळे देऊळ गुडघे टेकते आणि आपण तेवढ्या खुर्चीत, याचा त्यांना भारी राग येतो. दर रविवारी त्या तो आम्हांस ऐकवितात.