तीन पानं अडली, पूर्ण पुस्तक फिरलं

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. महिन्यातून दोन रविवार गावी जातो आणि मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. मागच्या महिन्यात तिथे एकाच आठवड्यात दोन गोष्टी कानावर आल्या.

पहिली: जवळच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आपांना एका पुस्तकातली तीन पानं स्कॅन करून वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायची होती. मुख्याध्यापकांनी नको म्हटलं. "कॉपीराइट आहे, उगाच नोटीस यायची." दुसरी: त्याच शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठी व्याकरणाच्या एका पुस्तकाची पूर्ण पीडीएफ आली. खाली लिहिलं होतं, "सवाब समजून पुढे पाठवा."

कायद्याने जे चालतं ते थांबलं आणि जे चालत नाही ते सवाब म्हणून फिरलं. माझ्या मते ही आपल्या शाळांची खरी अडचण आहे. आपण कायद्याला घाबरतो, पण तो वाचत नाही.

कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये, कोणत्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही, त्याची यादी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत त्या यादीत आहे. प्रश्नपत्रिकेत उतारा देणंही आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापर करण्याची मुभा वेगळी आहे. आपांची तीन पानं यात सहज बसतात.

याची परीक्षा कोर्टातही झाली आहे. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना विकली जातात, अशी तक्रार होती. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, समाजाचं ज्ञान वाढावं हा त्याचा हेतू आहे, असं न्यायालयाने म्हटलं. डिसेंबरमध्ये खंडपीठाने शिकवण्याच्या गरजेची कसोटी मान्य केली. किती टक्के पानं, असा आकडा त्यांनी ठरवून दिला नाही. काही मुद्दे मात्र पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, आणि पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

म्हणजे प्रश्न असा विचारायचा: हा भाग या धड्यासाठी लागतो का? आणि तो माझ्या वर्गापुरता राहतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पूर्ण पुस्तक हजार अनोळखी फोनवर पाठवलं तर ते शिकवणं राहत नाही.

मी हे साळसूदपणे सांगत नाही. इंजिनिअरिंगला असताना मी अख्खी पुस्तकं झेरॉक्स केली आहेत. लायब्ररीत एक प्रत आणि वर्गात साठ मुलं. अब्बांच्या पगारात ती पुस्तकं बसत नव्हती. त्यामुळे गरीब मुलाला चोर म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही.

पण ती व्याकरणाची पीडीएफ उघडली तेव्हा लेखकाचं नाव ओळखीचं निघालं. आमच्याच भागातले निवृत्त सर. उर्दू माध्यमाची मुलं मराठीत कुठे अडखळतात हे वर्षानुवर्षं पाहून त्यांनी ते लिहिलं आणि स्वतःच्या पैशाने छापलं. मी भेटायला गेलो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, दुसरी आवृत्ती आता काढत नाही." मोठ्या प्रकाशकाचं एका पीडीएफने फारसं बिघडत नाही. आपल्या मुलांसाठी लिहिणारा माणूस मात्र तिथेच थांबतो.

मग करायचं काय? आधी जे हक्काचं आहे ते वापरा. बालभारतीची पुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. ती वाचा, वर्गात दाखवा. छापून विकायला मात्र परवानगी लागते. 'दीक्षा' मंचावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं साहित्य आहे. परवान्याची ओळ वाचा, त्यात काय चालतं ते लिहिलेलं असतं.

लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी, डॉ. आंबेडकर, मौलाना आझाद यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. फक्त नंतरच्या अनुवादांवर अनुवादकाचा हक्क असू शकतो.

आणि जे शिक्षक स्वतः सराव-प्रश्न आणि टिपणं तयार करतात त्यांना एक विनंती. वाटायचं असेल तर नाव घाला आणि खाली परवाना लिहा. मी ज्या कोडवर पोट भरतो त्यातलं बरंचसं अनोळखी माणसांनी असंच खुलं ठेवलेलं आहे. पण खुलं ठेवायचं की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. सरांना ते कुणी विचारलंच नाही.

आता अभ्यासिकेसाठी आम्ही वर्गणी काढून सरांच्या पंधरा प्रती घेतल्या आहेत. आपांसाठी कलम 52 चा एका पानाचा मराठी-उर्दू सारांशही करतोय. पुढच्या रविवारी तो मुख्याध्यापकांना नेऊन देणार आहे. तुमच्या शाळेत अशी तीन पानं अडली असतील तर तुम्हीही हे करून पाहा.