इंजिनाला वळण लावतांना

दर्यापुरास आमच्या वाड्याच्या मागल्या पडवींत थोरल्या बंधूंची १९६५ सालची 'फियाट ११०० डी' कित्येक वर्षें झांकून ठेवलेली होती. बंधू आज हयात नाहींत. त्यांच्या नातवानें यंदा ती पुन्हां चालती केली. मूळ इंजिनाच्या ठोकळ्यास तडा गेलेला, सुट्या भागांची पंचाईत. तेव्हां परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन त्यानें तींत 'प्रीमियर ११८ एनई'चें मोठें इंजिन बसविलें. घरांत आनंदीआनंद झाला आणि दुसऱ्याच दिवशीं चिखलदऱ्यास जाण्याचा बेत ठरला. नको म्हणणारे आम्ही एकटेच. म्हाताऱ्याची नेहमींची कुरकुर, असा सर्वांचा समज झाला. परंतु आमच्या नकारास सबळ कारण होतें, आणि तें आम्ही पन्नासाहून अधिक वर्षें कोणास सांगितलें नव्हतें.

प्रथम इंजिनाविषयीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स' ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट गाड्या बाहेर पडूं लागल्या. ११०० डीचेंच नांव पुढें 'पद्मिनी' झालें. १९८५ सालीं आलेल्या ११८ एनईचा सांगाडा फियाटचा आणि इंजिन निस्सानच्या आराखड्याचें. जुन्या इंजिनाचा सिलिंडर ६८ मिलिमीटर रुंद व पिस्टनची धांव ७५. नव्याची रुंदी ७३ व धांव ७०. चारी सिलिंडर मिळून १०८९ घन सेंटिमीटरांच्या जागीं ११७१ होतात. मोठ्या इंजिनाचा हा सोस आपल्याकडेच आहे असें नाहीं. इंग्लंडांतील 'एम्.जी.' कंपनीनें आपल्या 'टीएफ्' या स्पोर्ट्स गाडीचें इंजिन १९५४ सालीं १२५० वरून १४६६ पर्यंत वाढविलें, तें धांव तीच ठेवून सिलिंडर तेवढा रुंद करून.

आतां 'वळण' म्हणजे काय तें पाहूं. सिलिंडरची नवी भिंत गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर मुद्दाम बारीक तिरकस ओरखडे काढलेले असतात. त्यांत तेल धरलें जातें, आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासूनच पिस्टनच्या कड्या भिंतीस चपखल बसतात. या कड्यांना भिंतीवर दाबतो तो जळत्या वायूचा दाब. म्हणून नवें इंजिन नुसतें जागच्या जागीं घुरघुरत ठेवलें, तर दाब पुरत नाहीं, भिंतीवर चकचकीत थर बसतो आणि गाडी जन्मभर तेल खाते. उलट पहिल्याच दिवशीं पूर्ण जोर लावला, तर पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरांत अडकून बसतो. काम द्यावें, पण बेताचें. आणि तेंहि पालटून पालटून.

आम्ही मुलाकडून करवून घेतलेला क्रम असा. वाढलेल्या शक्तीस जुने ब्रेक पुरतील कीं नाहीं, हें आधीं पाहिलें. मग प्लग काढून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरनें इंजिन फिरविलें. म्हणजे कोरड्या बेअरिंगांस तेल पोहोंचलें. चालू होतांच वीस मिनिटें मिनिटास सुमारें दोन हजार फेऱ्यांवर ठेवलें, कारण मंद गतींत कॅमशाफ्टवर तेलाचे शिंतोडे पुरेसे उडत नाहींत. पहिले ८०० किलोमीटर साधें खनिज तेल, फेऱ्या तीन हजारांच्या आंत, वरच्या गिअरांत इंजिनास कुंथूं द्यावयाचें नाहीं, आणि एकाच गतीनें लांबवर धांवावयाचें नाहीं. मूर्तिजापूर, अंजनगांव, अकोट यांकडचे सपाट रस्ते यास उत्तम. ५०० किलोमीटरांवर तेल व त्याची गाळणी बदलली, आणि व्हॉल्व्हची फट पुन्हां मोजली.

कार्ब्युरेटरला हात लावला तो सर्वांत शेवटीं. व्हॉल्व्हची फट, पॉइंटची फट आणि ठिणगीची वेळ हीं बरोबर नसतांना कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरविणें म्हणजे ताप कशाचा हें न पाहतां औषध देणें होय. मोठें इंजिन हवा अधिक ओढतें. म्हणून जेटचीं भोकें त्यास जुळलेलीं हवींत. इंजिन गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आंत फिरवावा. तें अडखळूं लागलें कीं सुरळीत होईपर्यंत बाहेर घ्यावा. खरा दाखला प्लगच्या टोंकाचा. फिकट तपकिरी रंग उत्तम. काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पांढरें टोंक म्हणजे पेट्रोल अपुरें, आणि तेंच घातक, कारण त्यानें इंजिन तापतें. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. आतां पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलाच्या पेट्रोलास सुमारें १३.५ भागच पुरते. अर्थात् जुन्या जेटांतून तें कमी पडतें. शिवाय इथेनॉलानें जुन्या रबरी नळ्या व पडदे कुजतात. ते बदलून घ्यावे.

आमच्या वऱ्हाडाचे आणखी तीन शत्रु. काळ्या मातीची धूळ: हवेच्या गाळणीवांचून एक दिवसहि गाडी चालवूं नये. पूर्णेच्या खारपाण पट्ट्याचें पाणी: जें आपल्याला पिववत नाहीं, तें रेडिएटरांत ओतूं नये, शुद्ध केलेलें पाणी व कूलंटच घालावें. तिसरा वैशाखाचा उन्हाळा: नळींतच पेट्रोलाची वाफ होऊन गाडी बंद पडते; म्हणून पेट्रोलाची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी.

आतां तें कारण. १९७१ सालीं याच गाडीचे सिलिंडर कोरून नवे पिस्टन घातले होते. मिस्त्रींनीं किल्ली देतांना बजावलें, "भाऊ, नवं इंजिन नव्या बैलावानी असते. पयल्याच दिशी भरल्या बंडीले जुपलं, त खांदा सोलून निघते." आम्ही कॉलेजांतले, मित्र वाट पाहत होते. बंधूंना न विचारतां चौघांना घेऊन तिसऱ्याच दिवशीं चिखलदऱ्याच्या घाटांत गाडी पिटाळली, आणि अर्ध्या चढावर पिस्टन अडकला. घरीं सांगितलें, "सावकाशच चालवीत होतों." दोष अर्थातच मिस्त्रींच्या कामावर गेला. आमच्या घरानें त्यांना पुन्हां काम दिलें नाहीं, आणि आमचें पाहून आणखी चार घरांनीं दिलें नाहीं. आम्ही गप्प राहिलों. बंधूंनीं एकदांच आमच्याकडे रोखून पाहिलें होतें. त्यांना कळलें असावें.

बेत मोडल्यावर मुलगा रुसून म्हणाला, "आबा, निदान कारण तरी सांगा." तेव्हां ओसरीवर सर्वांसमक्ष हें सांगितलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनी उठून आंत गेल्या. थोड्या वेळानें बाहेर येऊन त्यांनीं इतकेंच विचारलें, "मिस्त्रींच्या घरीं आतां कोण असतें?"

मिस्त्री केव्हांच वारले. त्यांचा मुलगा गांवांतच आहे. हजार किलोमीटर पुरे झाल्यावर गाडी चिखलदऱ्यास गेली नाहीं. प्रथम ती त्यांच्या दारीं गेली. जें सांगावयाचें होतें तें आम्ही तेथें उभ्यानेंच सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, मग बॉनेट उघडावयास लावलें, आणि कान देऊन म्हणाले, "टॅपेट थोडे वाजतात, उद्यां आणा."

गाडी दुसऱ्या दिवशीं नेली.